बाळ बसने, तामाले गाडीने

चोलुला, बुधवार (की गुरुवार? घड्याळजीच्या घरात भिंतभर घड्याळं टिकटिकतात, पण आज वार कोणता ते एकालाही सांगता येत नाही)

तीर्थस्वरूप ओब्दुलिया वन्सं,

धाकट्या भावजयीचा, कासिल्दाचा, वाकून नमस्कार आणि गालाला गाल. आम्ही दोघं इकडे सुखरूप आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं मलम चोळता, की आमच्या पुएब्लाकडच्या औषधाने तुमच्या त्लाकोताल्पानचा गुडघा बरा होत नाही म्हणून फळीवर ठेवून दिलंत? ओसरीवरची झुलती खुर्ची करकरायची थांबली का? (यांनी तेल घातलं होतं खरं, पण ते मनगटी घड्याळाचं, सुईच्या टोकाने. खुर्चीला ते काय पुरणार!) आणि तुमचा तो पोपट? अजून आमच्या यांच्या नावाने "चोर! चोर!" करून ओरडतो का? सात वर्षं खपून तुम्ही त्याला शिकवलंत, ते तो आठवड्यात विसरेल अशी माझी अपेक्षा नाही. निदान त्याचा आवाज तरी थोडा खाली आणा. नदीपलीकडच्या लोकांना ऐकू जातं.

निघताना तुम्ही विचारलंत की एका घरातून, एका दिवशी निघालेली माणसं, त्यातली बायको एका दिवशी आणि नवरा दुसऱ्या दिवशी कसा पोचतो, आणि तामाल्यांचं भांडं वाटेत निम्मं कोण खातं. तेव्हा हे माझ्याकडे असे टक लावून बघत होते की मी "रस्ता फार खराब, वन्सं" म्हणून वेळ मारून नेली. रस्ता बिचारा चांगला होता. आता हे दुपारचे घोरताहेत, दुकानाला कुलूप आहे, मला कुणी अडवणारं नाही. तेव्हा कॉफी घेऊन बसा, पहिल्यापासून सांगते.

तुमचं बोलावणं आलं नाताळच्या तोंडावर. दोन ओळी. "या कांदेलारियाला आईचं बाळ घेऊन या. कपडे मी शिवलेत." बाळ येशूला नवे झगे घालून चर्चमध्ये न्यायचा सण, आणि त्याचं बोलावणं असं! कशी आहेस नाही, कसा आहेस नाही. पण सात वर्षांनी त्या दोन ओळी आल्या होत्या, आणि हे त्या कागदाकडे डोळ्याला भिंग लावून बघत बसले, जणू शाईतच काहीतरी बिघाड आहे. सासूबाई गेल्यावर कोनाड्यातलं बाळ येशू कोटाखाली दडवून हे पहाटेच्या बसने इकडे पळाले, ते चुकलंच त्यांचं. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि दर नाताळला म्हणते. डाव्या हाताची करंगळी नसलेलं ते लाकडी बाळ. लहानपणी ती करंगळी यांनीच मोडली, आणि आईचा हात तुमच्या गालावर बसला, तरी तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत. ही गोष्ट यांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितली होती, डोळे पुसत. आणि तोच माणूस पुढे तेच बाळ घेऊन पळतो! माणसाच्या आत कुठली चाकं कुठल्या चाकात अडकलेली असतात कोण जाणे.

तर पत्र खाली ठेवून हे म्हणाले, "गाडी भाड्याने घेऊ." मी म्हटलं, "बसने जाऊ." झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. यांचं म्हणणं असं की सात वर्षांनी मोठ्या बहिणीच्या दारात बोचकी सांभाळत, घामाघूम होऊन बसमधून उतरायचं, आणि अख्खी गल्ली ओसरीवर खुर्च्या टाकून बघत असणार, त्यापेक्षा मेलेलं बरं. माझं म्हणणं असं की मेलेलं बरं असेल तर गाडीनेच चला, कारण चालवणार कोण? तुम्हीच! वन्सं, तुम्ही यांना गाडी चालवताना पाहिलेलं नाही. हे गाडी चालवतात ते घड्याळ दुरुस्त केल्यासारखी: मान खाली, श्वास रोखलेला, आणि कुठे जरा खुट्ट झालं की थांबून उघडून बघायचं. मागे एकदा माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला यांनी अशीच कुणाची तरी गाडी मागून नेली होती. आम्ही पोचलो तेव्हा मांडव सोडून झाला होता आणि नवरीचं पहिलं भांडणही होऊन गेलं होतं. बसचं तसं नसतं. चालवणारा दुसरा, शिव्या खाणारा दुसरा, आपण खिडकीशी बसून विणकाम करावं, जागोजागी बायका टोपल्या घेऊन चढतात त्यांच्याकडून गरमगरम काही घ्यावं आणि डुलक्या काढाव्या. मी हे सगळं समजावून सांगितलं. हे म्हणाले, बसमध्ये कोंबड्या असतात. मी म्हटलं, असू देत की, त्या गाडी तर चालवत नाहीत ना!

शेवटी शेजाऱ्यांनी तोडगा काढला. नाताळनंतर तीन राजांच्या दिवशी सगळे आमच्याकडे सणाचा गोड पाव, रोस्का, कापायला जमले होते. दरसालचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे, ज्याच्या तुकड्यात प्लास्टिकचा बाहुला निघेल त्याने कांदेलारियाला सगळ्यांना तामाले घालायचे. शेजारी म्हणाले, यंदा त्यात भर घालू: तुम्हा दोघांत ज्याला बाहुला निघेल त्याने तामाले करून बहिणीकडे न्यायचे आणि प्रवासाचं वाहनही त्यानेच ठरवायचं. टाळ्या पडल्या. सुरी फिरली. आता घोळ कुठे झाला तो बघा. आपल्याकडे जन्मभराची सवय काय? बाहुला दाताला लागला की चेहरा साधा ठेवायचा आणि काहीही करून तो गायब करायचा! कुणी रुमालात लपवतो, कुणी कुत्र्याच्या ताटात टाकतो, आणि जे खरे बहाद्दर आहेत ते सरळ गिळतात. (आमच्या गल्लीत असे काही आहेत की त्यांच्या पोटात एव्हाना बालवाडी भरत असेल.) सगळे चावताहेत, एकमेकांच्या गालांकडे बघताहेत, रोस्का संपला, कुणालाच बाहुला नाही! आणि तेवढ्यात आमचे हे गळ्याला हात लावून ताडकन उठले. "गिळला!" म्हणाले. "सवयीने गिळला गेला! यंदा जिंकायचं आहे हे लक्षातच राहिलं नाही!"

कोण विश्वास ठेवणार? सगळ्यांनी पुरावा मागितला. हे म्हणाले, थांबावं लागेल. शेजारीण म्हणाली, एरंडेल द्या. एकाने सुचवलं की डॉक्टरकडे नेऊन फोटो काढा, तर दुसरा म्हणाला, प्लास्टिक फोटोत दिसत नाही. हे छातीवर हात ठेवून, आईची शपथ घ्यायला निघाले होते. (ती मी घेऊ दिली नाही, हे लक्षात ठेवा.) शेवटी पंचांनी निकाल दिला की जो माणूस आपण होऊन स्वतःवर तामाले ओढवून घेतो तो खोटं कसं बोलेल? आजवरच्या इतिहासात असं कुणी केलेलं नाही. तेव्हा बाहुला यांचा, तामाले यांचे, गाडी यांची. तामाले यांचे म्हणजे काय ते तुम्ही बायकामाणूस आहात, तुम्हाला सांगायला नको. मक्याचं पीठ मी मळलं, सारणाचं मिरच्यांचं मोले मी वाटलं, गुंडाळून वाफवायला कणसाची पानं मी भिजवली, आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "माझ्या तामाल्यांना मीठ पुरेसं आहे ना?" विचारत होते.

गाडी ठरली, पण मीही एक अट घातली. मी यांना म्हटलं, तामाले सांडले तर पुन्हा करता येतील, सासूबाईंचं बाळ पुन्हा करता येणार नाही. बाळ माझ्या मांडीवर, बसने. तुम्ही आणि तुमचे तामाले गाडीने. हे रागावले, मग म्हणाले, "ठीक आहे. पण मग रस्ता कसा कळणार?" कारण नकाशा यांना घडीही घालता येत नाही, आणि वाटेत कुणाला विचारलं तर आपल्याकडची माणसं इतकी सौजन्यशील की "ठाऊक नाही" म्हणून कुणाचं मन मोडणार नाहीत, हात वर करून कुठलातरी रस्ता दाखवतील आणि वर देव भलं करो म्हणतील. तेव्हा ठरलं की हे बसच्या मागे मागे येणार. म्हणजे ज्या बसला नावं ठेवली, तिचीच शेपटी धरून! मी काही बोलले नाही. (बोलले, पण थोडंच.)

गाडीवाल्याकडचा प्रसंग थोडक्यात सांगते. पांढरी व्होचो होती, ती भुंग्यासारखी गोल पाठीची छोटी गाडी, इंजिन मागे, डिकी पुढे, दोन्ही बाजूंनी सारखीच गोंधळलेली. गाडीवाला म्हणाला, आधीचे ओरखडे असतील ते बघून घ्या, नंतर तक्रार नको. वन्सं, असं घड्याळजीला कधी सांगू नये! यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि चाकापासून सुरुवात केली. एकेक ओरखडा, एकेक टवका, दाराच्या मुठीवरचा गंज, "इथे बघा, हा केसाएवढा आहे पण आहे," असं चाललं होतं. गाडीवाला आधी हसत होता, मग बसला, मग आत जाऊन जेवून आला. छतावर पोचेपर्यंत दुसरी गिऱ्हाइकं उठून गेली. शेवटी त्या माणसाने किल्ली यांच्या हातात कोंबली आणि हात जोडले, "तात्या, परत आणताना चार चाकं असली तरी मला चालेल, पण आता जा!"

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. थेट जाणाऱ्या चांगल्या बसची तिकिटं कधीच संपली होती, म्हणून गावोगाव थांबणारी बस मिळाली, आणि मला जागा अगदी मागच्या काचेशी. चालक त्रांकिलिनो, पोट स्टिअरिंगला टेकलेलं, आवाज घंटेसारखा. शेजारी दोन्या निन्फा नावाची चीज विकणारी बाई, जिभेचा पट्टा सुटलेला, पण मन लोण्यासारखं. मागे आमचे हे, छातीशी स्टिअरिंग धरून, आणि शेजारच्या सीटवर पट्टा बांधलेलं तामाल्यांचं भांडं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बुटकी जाडजूड बायको घेऊन चाललेत.

पहिला तासभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्रांकिलिनोने आरशात बघून मोठ्याने विचारलं, "ही पांढरी गाडी आपल्या मागे का लागलीय? मी थांबलो की थांबते, निघालो की निघते. चोरबीर आहे की काय?" एक म्हातारा म्हणाला, चोर इतका हळू चालवत नाही. दोन्या निन्फाने काचेतून वाकून पाहिलं. "तो चोर नाही रे बाबा, तो नवरा आहे! कुणाचा तरी नवरा! कोण गं आलीय घरातून पळून?" सगळ्या बसने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, सगळी हकीकत सांगितली. बाहुला, एरंडेल, भिंग, सगळं. तुमचं आणि यांचं सात वर्षांचंही सांगितलं. (रागावू नका. बसमध्ये सांगितलेलं बसमध्येच राहतं.) आणि मग काय विचारता! आमचे हे अख्ख्या बसचे जावई झाले. "आले का जावईबापू?" "आले, आले, वळणावर मागे पडलेत, जरा दमाने घे रे त्रांकिलिनो!" टोल नाक्यावर त्रांकिलिनो पुढे जाऊन यांची वाट बघायचा. गतिरोधक आला की आधी हात बाहेर काढून यांना इशारा द्यायचा, आणि व्होचो भांड्यासकट टुणकन उडाली की बसमधून "तामाले!" अशी आरोळी उठायची.

माल्त्राताच्या घाटात धुकं उतरलं. बोटभर अंतरावरचं दिसेना. दोन्या निन्फा म्हणाली, अगं, तुझं बाळ मागच्या काचेत ठेव की, त्याच्या अंगावरचं ते जरीचं चकाकतंय, तेवढं तरी दिसेल त्याला. मी बाळाला काचेत मागे तोंड करून बसवलं. यांच्या दिव्याचा उजेड जुन्या झग्याच्या जरीवर पडायचा आणि बाळ लखलखायचं, आणि त्या लखलखाटामागे हे सबंध घाट उतरले. त्या दोन हातांकडे बघत, नऊ बोटांकडे. मला भरून आलं, वन्सं, खोटं नाही सांगत. मी निन्फाला म्हटलं, ज्याला कोटाखाली दडवून हा माणूस पळाला होता, तेच आज याला उघड उघड परत घेऊन चाललंय. निन्फाने नाक शिंकरलं आणि मला चीजचा तुकडा दिला.

आणि मग आलं कोर्दोबा. तिथे कॉफीला थांबलो, आणि तिथेच घात झाला. एकाच रंगाच्या चार-पाच बसेस ओळीने उभ्या. यांनी कॉफी घेतली, दुसरी घेतली, मग आडोशाला गेले. आमची बस निघाली, हे आपल्या गाडीत बसताना मला दिसले, मी हात केला, बाळ काचेत होतंच. पुढच्या चौकात आम्ही वळलो, आणि निन्फा किंचाळली, "जावईबापू सरळ गेले! सरळ गेले हो!" त्रांकिलिनोने करकचून ब्रेक मारला. आम्ही सगळ्यांनी काचेला नाकं लावली. पांढरी व्होचो दुसऱ्याच बसच्या मागे, हळूहळू, मान खाली घालून निघून गेली. भोंगा वाजवला, शिट्ट्या मारल्या, म्हाताऱ्याने टोपी हलवली. काही उपयोग नाही.

आता बसमध्ये दोन तट पडले. एक म्हणे वळा, पाठलाग करू. दुसरा म्हणे दुपारपर्यंत घरी पोचायचं आहे. आणि एक बाई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "चुकला कसला, पळाला." मी तिच्यावर डाफरले. पण खरं सांगू? मलाही तेच वाटलं होतं. कारण आदल्या दिवशी भांडं बांधताना हे जे म्हणाले होते ते मी बसमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाले होते, "गाडी असली की बरं, कासिल्दा. तिने दार लावून घेतलं, तर तिथल्या तिथे वळवता येते. बसने गेलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्या दारात उभं राहावं लागेल." कोंबड्या नाहीत, घाम नाही, गल्ली नाही; त्यांना फक्त पळायची सोय हवी होती. आणि मला बस का हवी होती? नेमकी त्याच कारणासाठी! परतीची बस लगेच नसते म्हणून. एकदा त्या दारात पोचले की यांना तिथेच राहावं लागावं म्हणून. आता गाडी यांच्याकडे, रस्ता यांच्यापुढे, आणि घरी जायचा रस्ता यांना पाठ होता.

पुढचं तुम्ही पाहिलंत. मी बाळ घेऊन तुमच्या ओसरीसमोर उतरले, बसमधली माणसं खिडक्यांतून माना काढून बघत होती, आणि तुम्ही खुर्ची न थांबवता विचारलंत, "फोरो कुठाय?" मी म्हटलं, "मागून येताहेत." तुम्ही म्हणालात, "सात वर्षं मागूनच येतोय." आणि बाळ हातातून घेऊन आत गेलात. मी ओसरीवर बसून राहिले. पोपट "चोर, चोर" करत होता. वन्सं, मला त्या पोपटाची मान मुरगळावीशी वाटत होती, आता सांगायला हरकत नाही. त्या रात्री मला पांघरूण घालायला तुम्ही आलात, ते मी विसरणार नाही.

तिकडे काय झालं ते यांच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. चौकात यांना पुढे एक बस दिसली आणि तिच्या मागच्या काचेत चकाकणारं बाळ. झालं, लागले मागे! आता तुम्हीच सांगा, कांदेलारियाच्या आदल्या दिवशी या देशातल्या कुठल्या बसमध्ये कुठल्यातरी बाईजवळ बाळ नसतं? निम्म्या बायका बाळं मांडीवर घेऊन निघालेल्या असतात! पण यांच्या डोक्यात एकच बाळ. करंगळी मोजायला भिंग हवं ना, ते तामाल्यांच्या फडक्यात गुंडाळलेलं! असे हे थेट तुश्तेपेकला पोचले. तिथे ती बाई उतरली, दोन्या प्लासिदा, आणि यांच्या खिडकीशी येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय हो बाबा, कोर्दोबापासून माझ्या मागे का लागलाय? लाज नाही वाटत या वयात?" तिचे दोन भाऊ तिला न्यायला आले होते, अननसाचे धंदेवाले, मनगटं ही अशी. यांनी सांगितलं की मी तुमच्या मागे नव्हतो, बाळाच्या मागे होतो. ते ऐकून तर भाऊ बाह्याच सरसावू लागले. मग यांना सुचेना, यांनी पुरावा म्हणून तामाल्यांचं झाकण उघडलं. तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट यांनी त्या दिवसात केली. पहिल्या तामाल्याला भाऊ थांबले, दुसऱ्याला हसले, आणि मग गल्ली गोळा झाली. भांडं निम्मं कसं झालं ते आता तुम्हाला कळलं. (प्लासिदाने मोलेची कृती विचारली आहे. हे म्हणाले, माझी स्वतःची आहे.)

सकाळी त्या भावांनी यांच्यासमोर दोन रस्ते ठेवले. एक अननसाचा ट्रक तुमच्याकडे निघाला होता, एक बस आमच्याकडे. ज्याच्या मागे जायचं त्याच्या मागे जा. हे गाडीत बसून राहिले, स्वतःच कबूल केलं, बराच वेळ. मग ट्रकच्या मागे लागले.

आणि वन्सं, ते आले तेव्हाचं तर काय सांगू! आपण चर्चमधून नुकत्याच परतलो होतो. ओसरीवर माणसं, खुर्चीत दोन्ही बाळं शेजारी शेजारी, आईचं आणि तुम्ही सात वर्षांपूर्वी नवं घेतलेलं ते, तुम्ही शिवलेले एकसारखे निळे झगे घालून. आणि तुम्ही गुपचूप स्वतःच तामाले करून ठेवले होते, कारण "फोरोला बाहुला निघाला म्हणजे तामाले येणार नाहीतच, लहानपणापासून बघतेय." तेवढ्यात अननसाचा ट्रक धडधडत गेला आणि त्याच्या मागून पांढरी व्होचो, तीन टरबूज घातलेल्या पोत्यासारखी डुलत. हे उतरले. भांडं पोटाशी धरून हे पायरीशी उभे राहिले, आणि त्या सुन्न शांततेत तुमचा तो पोपट जोरात, स्पष्ट, ओरडला, "चोर!"

तुम्ही हसलात. मी तुम्हाला लग्नापासून ओळखते, असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, शालीच्या टोकाने डोळे पुसता पुसता, खुर्चीचा दांडा धरून. आणि मग म्हणालात, "आलास एकदाचा मागून! आता आत ये, तुझे तामाले गार झालेत." आणि हे लहान पोरासारखे रडले, सगळ्या गल्लीदेखत, ज्या गल्लीसाठी गाडी आणली होती तिच्यादेखत. त्याच वेळी तुम्ही गाडीची किल्ली यांच्या हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकलीत. ते मी पाहिलं. तुम्ही न सांगताच कसं ओळखलंत?

ती किल्ली आम्हाला तुम्ही निघायच्या सकाळीच दिलीत. त्या सकाळी बाळाची पेटी यांनी स्वतः भरली, मला म्हणाले, तू भांडं बघ. (स्वतःचे मोजे कधी पेटीत न ठेवणारा माणूस!) येताना मीही गाडीत बसले, भांडं मागे गेलं. पुढे त्रांकिलिनोचीच बस होती आणि मागच्या काचेतून निन्फा सबंध रस्ताभर आम्हाला रुमाल हलवत होती. गाडीवाल्याने गाडी परत घेताना ओरखडे पाहिलेच नाहीत, डोळे मिटूनच किल्ली घेतली. घरी सगळं ठीक. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे, पोपटाला काही नाही.

तुमची,
कासिल्दा

ता. क. पत्र बंद करणार होते, पण एक भलतंच झालं. बाळाचा निळा झगा धुवायला काढला तर आतून डाव्या हाताला करंगळी! दहाच्या दहा बोटं! वन्सं, पेटीत तुमचं नवं बाळ आलंय, आणि आईचं तुमच्या कोनाड्यात बसलंय. एकसारखे झगे होते, गडबडीत अदलाबदल झाली असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. सात वर्षांनी कुठे गोडी झाली आणि आता तुम्ही म्हणाल, यांची घेऊन पळायची खोड जात नाही. तुमचं बाळ मी लगेच परत पोचवते.

ता. क. दुसरा. हे उठले. मी बाळ पुढे धरलं आणि म्हटलं, बघा काय झालं. यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि समोरच्या घड्याळात मान घातली. कान लालबुंद. मग तिथूनच म्हणाले, "मग? बोटं पुरी आहेत ना? तक्रार काय आहे?" त्या घड्याळाला आत यंत्रच नव्हतं, वन्सं, रिकामी डबी होती. पेटी कुणी भरली ते आठवा. तेव्हा चूक झालेली नाही. आईचं बाळ तुमचं आहे, ते तुमच्याकडे परत आलंय, ठेवून घ्या. हे तोंडाने कधी म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते. आणि यांचे आभारबिभार मानू नका, लाजून दुकान बंद करतील.

ता. क. तिसरा. (हा यांना कळता कामा नये.) पाकिटाच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी कडक लागेल. तो रोस्कातला बाहुला आहे. यांच्या पोटात तो कधीच नव्हता. तो माझ्या तुकड्यात निघाला, मी सवयीने जिभेखाली सरकवला, आणि यंदा जिंकायचं आहे हे आठवेपर्यंत हे गळा धरून उभे राहिले होते. तोंडात बाहुला असलेल्या बाईने नवऱ्याला खोटं कसं पाडावं? शिवाय मनात म्हटलं, ज्याला बहिणीकडे जायची इतकी ओढ आहे की तो स्वतःवर तामाले ओढवून घेतो, त्याला जाऊ दे बापडा गाडीने. पण नियम सगळ्यांदेखत ठरलाय, ज्याचा बाहुला त्याचं वाहन, आणि बाहुला माझा आहे. माझा निर्णय मी आता देते. पुढच्या तीन राजांच्या सणाला तुम्ही आमच्याकडे या, आणि बसने या. संध्याकाळच्या बसने. तिच्यानंतर परतीची बस नाही, मी विचारून ठेवलंय.